पाय आत घे, बळीराम

आसामात आमची पोस्ट डोंगरावर, नदीकाठच्या जंगलात होती. मी हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा. रिटायर झाल्यापासून डोंबिवलीत राहतो. लोकांना वाटतं, फौजेत आम्ही दिवसरात्र गोळ्या झाडतो. कसलं काय! तिथे आमचा खरा दुश्मन डास होता. सूर्य कलला की बाह्या खाली, हातापायांना मलम आणि झोपण्याआधी मच्छरदाणी चेक.

ते चेकिंग मला अजून स्वप्नात दिसतं. बराकीत कंदिलाचा मंद उजेड, नदीवरून आत शिरलेलं धुकं, दोन्ही बाजूंना पांढऱ्या मच्छरदाण्या. खाटा जमिनीवर नाहीत, धुक्यातच तरंगतायत असं वाटायचं. मी मच्छरदाणीची एकेक दांडी ठोकत जायचो. आतून आवाज यायचा, "आत, उस्ताद!"

नाईक बळीरामही तेच ओरडायचा आणि त्याचा लांबलचक पाय बाहेर.

"मग हा पाय कुणाचा? माझा?"

बळीराम कल्याणपुढच्या खाडीकाठचा कोळी. हसत पाय आत घ्यायचा आणि मी पुढे गेलो की अख्खी मच्छरदाणी वर गुंडाळून ठेवायचा. शिक्षा दिली, शिव्या घातल्या. ढिम्म!

"उस्ताद, आये सांगते, जाल्यात मासली झोपते, मानूस नाय. आन् खाडीच्या मच्छरांनी पोसलाय मना. हितला काय करील?"

एकदा गस्तीवरून परतलो आणि त्याला हुडहुडी भरली. ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. मलेरिया मेंदूत गेला होता. मी रेडिओ घेतला.

"एक जवान सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम खराब. स्ट्रेचर से नीचे लाओ. ओव्हर."

आळीपाळीने स्ट्रेचर धरून उतरलो. धुकं एवढं दाट की पुढचा माणूस दिसेना, नुसते बूट ऐकू यायचे. मध्येच बळीराम अगदी स्पष्ट बोलला, "उस्ताद, भरती आली. होडी सोडा."

"सोडली रे," मी म्हणालो.

रस्ता लागायच्या आत तो गेला. माझ्या सेक्शनचा तेवढा एकच जवान गेला, तोही एक गोळी न सुटता. मला अजून राग येतो. डासाचा येतो, त्याचाही येतो.

त्याच्या आईकडे मी दर वर्षी जातो. यंदा पावसाळ्यात गेलो तर गावात तापाची साथ. आरोग्य केंद्राने औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटलेल्या, आणि या मंडळींनी त्या सुकटीवर झाकायला घेतलेल्या! माझं डोकंच फिरलं. त्यात बळीरामची मुलगी सुगंधा पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आणि तिची खाट उघडी.

"आये, हिला मच्छरदाणी लाव. पोटुशी बाईला मलेरिया झाला तर दोघांच्या जिवावर बेततं."

"जाल्यात मासली..." म्हातारी सुरू झाली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "माजा बाला झोपायचा का रं जाल्यात?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण समोर सुगंधा बसली होती.

"नाही, आये. मी दांडी ठोकली की 'आत, उस्ताद' ओरडायचा, आणि पाय बाहेर."

म्हातारी उठली. सुकटीवरची मच्छरदाणी ओढली, झटकली, उजेडाकडे धरली. जागोजागी फाटली होती. सुईदोरा घेऊन एकेक भोक शिवत बसली. मग शेजारणींना हाक मारली.

"फाटकं जालं खाडीत टाकता का गो? मंग घरात कशाला? आना हिकडं!"

संध्याकाळपर्यंत ओट्यावर मच्छरदाण्यांचा ढीग लागला.

थंडी पडल्यावर मी पुन्हा गेलेलो. दिवेलागणीला खाडीवरून धुकं येत होतं. घराघरांच्या दारांतून पांढऱ्या मच्छरदाण्या दिसत होत्या, आणि क्षणभर मला कळेना मी कुठे आहे. सुगंधा बाळाला कुशीत घेऊन मच्छरदाणीत झोपली होती. दोघंही ठणठणीत. शेजारी आणखी एक खाट होती. तिच्यावर कुणी नव्हतं, तरी मच्छरदाणी चारी बाजूंनी नीट खोचलेली. उशाशी बळीरामची फौजी टोपी.

सवयीने माझा हात गेला. दांडी ठोकली.

चुलीपाशी बसलेली म्हातारी मागे न वळता म्हणाली, "आत हाय, उस्ताद. पाय पन आत हाय."