एका बोटाने सरकणारी खिडकी

आमच्या पेठेतल्या खिडक्या पावसाळ्यात मिटत नाहीत आणि उन्हाळ्यात उघडत नाहीत. पूर्वी ह्याला लाकूड फुगणं म्हणत, हल्ली वारसा म्हणतात. मुंबई-पुण्याची माणसं येतात, आमच्या चिऱ्यांच्या भिंतींसमोर उभी राहून फोटो काढतात आणि मला म्हणतात, "आजी, किती जपलंय हो तुम्ही हे सगळं!" मी मान खाली घालून हसते. त्यांना वाटतं, आजी लाजाळू आहे. (आजी लाजाळू नाही. आजीला आठवतंय!)

कारण अख्ख्या पेठेने खिडक्या जपल्या, एक मी सोडून.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. मे महिन्यात डोंबिवलीला जावेकडे गेले होते. तिच्याकडे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या! जाऊबाई एका बोटाने खिडकी सरकवायची आणि माझ्याकडे बघायची. पुन्हा सरकवायची, पुन्हा बघायची. आमच्याकडे खिडकी मिटायची म्हणजे ह्यांचा खांदा, माझी कंबर आणि शेवटी वरवंटा!

घरी आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, "ओ, चवथीच्या आदी आपणय सरकत्या खिडक्यो बसवया."

ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "आवशीक इचार." (म्हणजे आईला विचार. आमच्या संसारात ह्यांनी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच.)

सासूबाई माजघरात कोकमं फोडत बसल्या होत्या. "ह्यो खिडक्यो तुझ्या आजेसासऱ्यान बसवल्यो. तेंका काय धाड भरली?"

"आये, मिटणत नाय त्यो!"

"मगे उघडे ठेव. वारो येता."

मी असहकार पुकारला. तीन दिवस भात कमी खाल्ला. (बांगड्याचं तिखलं नेहमीइतकंच खाल्लं, पण ते कोणी मोजत नव्हतं.) चौथ्या दिवशी सासूबाईंनी कोयती खाली ठेवली. "कर काय ता. पण चवथीक माझ्या गणपतीच्या अंगार एक थेंब पडता नये. पडलो तर तू आसस आणि मी आसय!"

धमकी साधी नव्हती. आमचा गणपती बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या दोन खिडक्यांच्या मधोमध बसतो. ती जागा पूर्वजांनी ठरवलेली, ती बदलायची नाही. मूर्ती कच्च्या मातीची. आणि एकदा प्रतिष्ठापना झाली की पाचव्या दिवसापर्यंत देवाला बोटभरही हलवायचं नाही. म्हणजे मातीचा देव, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि बाहेर भाद्रपदातला आमच्या किनाऱ्यावरचा पाऊस, जो वरून कमी आणि समुद्राकडून आडवा जास्त येतो.

जुन्या खिडक्या काढायला बाबल सुतार आला. बाबल म्हणजे पेठेतल्या प्रत्येक दाराची कुंडली ठाऊक असलेला माणूस. तो म्हणाला, "वैनीनू, माप भायरसून घ्या हां. भिंत दीड हात जाड. खिडकी आतसून रुंद आसा आणि भायर निमुळती."

आता बाहेरून माप घ्यायचं म्हणजे रस्त्यावर उभं राहायचं. आणि समोरच्या घरात, समोरच्या खिडकीत, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत शालूवहिनी बसलेली असायची. मला तर तिला चवथीच्या दिवशी दिपवून टाकायचं होतं! तेव्हा मी दुपारी, सगळे झोपल्यावर, दारं लावून, चोरासारखं माप घेतलं. आतून. शिवणाच्या टेपाने. आणि वेंगुर्ल्याच्या खिडकीवाल्याला स्वच्छ अक्षरात लिहून पाठवलं. अक्षर माझं फार सुंदर होतं.

चवथीच्या तीन दिवस आधी खिडक्या आल्या. बाबलने तोवर जुन्या चौकटी काढून गोठ्यात ठेवल्या होत्या. भिंतीला दोन भगदाडं पडली होती आणि समोरून शालूवहिनीला आमच्या चुलीवरचं कालवणसुद्धा दिसत होतं. मोठं गुपित राखलं होतं मी!

नव्या खिडक्या बाहेरच्या बाजूने लावून बघितल्या. वीतभर मोठ्या!

बाबलने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

"माप खंयसून घेतलास, वैनीनू?"

"मापाचा सोड. आता काय करूया ता सांग."

"करूचा काय? भुतूरल्या अंगान बसवया."

आणि काय सांगू, आतल्या कडेला त्या अशा चपखल बसल्या की जणू भिंत त्यांच्यासाठीच बांधली होती! निळ्या फुलांची धुरकट काच, चकचकीत पट्ट्या, चारी बाजूंनी रबर. खिडकीवाल्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, एक थेंब आत येणार नाही." मला त्याआधी जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यानंतर मी काहीही तपासलं नाही.

तपासायला हवं होतं ते एवढंच : खिडकीच्या बाहेरच्या कडेला चिऱ्याचा चार बोटं उंच काठ होता. जुनी चौकट त्या काठावर बसायची, म्हणून पाऊस बाहेरच्या बाहेर जायचा. आता काच आतल्या कडेला, काठ बाहेरच्या कडेला, आणि मधे तयार झालं होतं गुरांना पाणी पाजण्याइतकं ऐसपैस दगडी कुंड. एक नव्हे, दोन!

पण दोन दिवस लख्ख ऊन होतं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

चवथीला दुपारी देव बसले आणि पाऊस सुरू झाला. असा आडवा की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिरकी चालत होती. मी दर पाच मिनिटांनी खिडकीखाली हात फिरवून यायची. कोरडं! एक थेंब नाही! "बघितलास, आये?" मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून चार दिवस आसत."

संध्याकाळी आरतीला अख्खी पेठ आमच्याकडे. मागोमाग भजनाची मंडळी आली. खोलीत तिळाला जागा नाही. ह्यांनी खिडक्यांना बाहेरून लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, त्या उघडझाप करत होत्या. शालूवहिनी सगळ्यात पुढे, पदराने वारा घेत बसलेली.

"काय गो, किती गरमता हयसर! तुझी ही निळी पेटी उघडता तरी काय?"

ह्याच प्रश्नाची मी मे महिन्यापासून वाट बघत होते.

"उघडता म्हणजे? एका बोटान!"

हे आरतीचं ताट घेऊन खिडकी आणि मखर ह्यांच्या मधे उभे होते. "रवांदे गो. पाऊस आसा भायर."

पण आता मी थांबते की काय! मृदंगवाल्याने हात थांबवला. झांजा थांबल्या. मी सगळ्यांना दिसेल असं बोट वर केलं, काचेच्या कडेला टेकवलं आणि सरकवलं.

सरकली! एका बोटाने सरकली, हे मी आजही छातीठोक सांगते!

आणि दुपारपासून साठलेला पाऊस आणि बाहेरचा आडवा पाऊस एकदम आत आला. पहिला लोंढा ह्यांच्यावर. आरती विझली, ताट गेलं, चष्मा गेला. भजनकऱ्यांनी मृदंग डोक्यावर धरला. शालूवहिनी, जिला गुडघ्यांमुळे खाली बसवत नसे, ती एका उडीत खुर्चीवर चढून उभी राहिली. आणि सासूबाई? पाटावरून उठायला ज्यांना दोन माणसं लागत, त्या विजेसारख्या उठल्या, कोपऱ्यातली काळी छत्री ओढली, फाडकन उघडली आणि गणपतीवर धरून उभ्या राहिल्या.

"मिटय गो मेले!"

"सरकणा नाय, आये!"

ह्यांच्या हातचं ताट उडालं तेव्हा त्यातली सुपारी नेमकी खिडकीच्या रुळात अडकली होती. शेवटी ती सरकती खिडकी मिटवायला ह्यांचा खांदा, माझी कंबर आणि वरवंटा लागला.

मग सगळ्यांनी मखरात वाकून बघितलं. देव कोरडा होता. एक थेंब नाही! फक्त खाली बसलेल्या उंदराची शेपटी विरघळून गेली होती.

"गाराणा घाल," सासूबाईंनी ह्यांना छत्रीखालून हुकूम सोडला.

हे निथळत मखरासमोर उभे राहिले. हात जोडले. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली.

"आमच्या हातसून काय चुकला-माकला आसात..."

"असा मोघम नको," सासूबाई म्हणाल्या. "देवाक नीट सांग. कोणाचा चुकला ता!"

ह्यांनी माझ्याकडे एकदा दयेने बघितलं आणि डोळे मिटले. "हिका डोंबिवली बघून हौस इली, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"हिना खिडकेचा माप आतसून घेतला, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" (हा बाबलचा आवाज.)

"तुझ्या उंदराची शेपटी गेली, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" (ही खुर्चीवरून शालूवहिनी. सगळ्यांत मोठ्याने.)

"ता सगळा पोटात घाल, आणि हिका..." हे अडखळले.

"अक्कल दी, म्हाराजा!" सासूबाईंनी पूर्ण केलं.

"व्हय म्हाराजा!" छपरावरची कौलं हलली. आणि सवयीने, हात जोडून, मीसुद्धा त्यात आवाज मिसळला!

पण बाहेर पाऊस चालूच होता आणि कुंडं पुन्हा भरायला लागली होती. अजून चार दिवस काढायचे होते. मी बाबलला म्हटलं, "छिन्नी घे नि तो काठ फोडून टाक."

बाबल दोन पावलं मागे सरला. "देव भिंतीक टेकान बसलेलो आसताना भिंतीर घाव घालू? माझ्याच्यान जमूचा नाय, वैनीनू. पाणी उपसूक होया."

कोणी उपसायचं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तर उरलेले चार दिवस मी बाहेरून त्या खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसले. अंगावर चवथीची नवी हिरवी साडी, नाकात नथ, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात नारळाची करवंटी. एक कुंड उपसलं की उतरायचं, दुसऱ्यात चढायचं. भोवती लाल-हिरव्या दिव्यांची उघडझाप. शालूवहिनी समोरून चहा पाठवायची आणि चहाबरोबर विचारायची, "गरमणा नाय ना गो आता?" विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाबलने गोठ्यातल्या जुन्या खिडक्या परत बसवल्या, फोटोतल्या त्याच ह्या. पण देवाच्या अंगावर थेंब पडू दिला नाही मी!

त्या उपशाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेठेच्या टोकाची भागीआजी दर्शनाला आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठी टेकत ती दारापर्यंत गेलीच नाही. दिवे दिसले तिथेच, माझ्यासमोर थांबली. हात जोडले. माझ्या मांडीपाशी एक जास्वंद ठेवली, पदरातून दोन नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, काढून ठेवल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून भक्तिभावाने म्हणाली, "यंदा मूर्ती मोठी आणल्यानी. आणि पोट तर काय सुंदर केल्यानी हा!"

सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण काचेच्या आत सासूबाई बसल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर आणखी एक गाराणं झालं असतं. मी उजवा हात वर करून आशीर्वाद दिला आणि डाव्या हाताने पाणी उपसत राहिले. म्हातारी समाधानाने निघून गेली.

नेवऱ्या मात्र मी दोन्ही खाल्ल्या. पोटाचं एवढं कौतुक झालं होतं, ते राखायला नको?