शाप, वरदान आणि खिडकीजवळची जागा

आमच्या मुख्याध्यापकांनी ढाल मिळण्याआधीच तिच्यासाठी खिळा ठोकून घेतला होता. त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, म्हणजे समोर बसणाऱ्याला आधी ढाल दिसावी आणि मग सर.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी नाशिकरोडच्या एका प्राथमिक शाळेत, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवत होते. त्या बाई आता परत येणार नाहीत अशी कुणकुण होती, आणि ती जागा मला हवी होती. सरांना ढाल हवी होती. शाळाशाळांमधल्या वादविवाद स्पर्धेची ती फिरती ढाल आम्ही लागोपाठ दोन वर्षं जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकली की तिचं फिरणं थांबून ती कायमची आमची होणार होती.

"बाई, एकदा ढाल कायम होऊ द्या," सर म्हणाले. "मग संस्थेकडे तुमच्यासाठी शब्द टाकायला मला तोंड राहील."

अशा रीतीने माझी नोकरी चौथीतल्या दोन मुलांच्या तोंडी दिली गेली.

वादविवाद म्हणजे दोन बाजूंनी आपापलं म्हणणं मांडणं, असा माझा वाचून झालेला समज होता. इथली पद्धत निराळी होती. प्रत्येक शाळेने एक वक्ता विषयाच्या बाजूने आणि एक विरुद्ध द्यायचा, दोघांच्या गुणांची बेरीज करायची आणि ढाल शाळेला. त्यामुळे दोन्ही भाषणं एकच बाई लिही. विषय होता, 'टीव्ही : शाप की वरदान'. सोमवारी मी टीव्हीमुळे ज्ञानाची गंगा दारी आणली आणि मंगळवारी त्याच दारातून पिढी बरबाद केली. माझ्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता, त्यामुळे दोन्हीकडे सारख्याच आत्मविश्वासाने लिहिता आलं.

बाजू कोणाला कुठली, हे सरांनी आवाजावरून ठरवलं. मुलीचा आवाज गोड, म्हणून तिला वरदान. मुलाचा जाड, म्हणून त्याला शाप. मुलाच्या घरी टीव्ही आहे आणि मुलीच्या घरी नाही, हे ती दोघं राहत त्या सगळ्या वसाहतीला माहीत होतं. पण त्याचा विषयाशी काही संबंध असेल असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

मग हावभाव. हे खातं सरांनी स्वतःकडे ठेवलं होतं. 'देश' म्हटलं की दोन्ही हात पसरायचे. 'अंधार' म्हटलं की मनगट कपाळावर. 'समाज' आला की उजवा हात समोरून अर्धगोल फिरवायचा, भाकरी थापून झाल्यावर परात पुसतात तसा. 'टीव्ही'साठी जुना हावभाव उपलब्ध नव्हता. सरांनी दोन दिवस विचार करून हवेत चौकोन काढायचा असा शोध लावला. भाषणात टीव्ही इतक्यांदा होता की मुलगी बोलताना खिडक्या पुसते आहे असं वाटे.

सुरुवात तर कोरलेलीच होती : "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी आज आपणांस जे दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत अशी माझी नम्र विनंती आहे." पंधरा दिवसांनी मुलीची आई शाळेत आली.

"बाई, तुम्ही हिला काय शिकवलंय? काल म्हणते, पूज्य आई, मला आज कारल्याची भाजी नको आहे, हे आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावं. आणि वर हात पसरते. ताट सांडलं ना!"

"कुठला हात?" सरांनी काळजीने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही देशासाठी आहेत," सर मला म्हणाले. "भाजीला एक पुरे होता. बाई, तयारी कच्ची आहे."

स्पर्धा नाशिकमधल्या एका सभागृहात होती. आम्ही चौघं सिटी बसने गेलो. दोघांच्या केसांना इतकं तेल होतं की खिडकीच्या काचेवर ठसे उमटले. व्यासपीठावर पाहुण्यांसाठी गुलाबाचे गुच्छ आणि काचेच्या ताटात द्राक्षांचे घोस ठेवले होते. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे चार मान्यवरांनी मिळून अर्धी काड्यापेटी संपवली. मग प्रमुख पाहुणे, कुठल्याशा खात्याचे निवृत्त साहेब, "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणून उभे राहिले. वेळ संपल्याची घंटा टेबलावरच होती, पण ती फक्त मुलांसाठी होती. मोजक्या शब्दांत बोलण्याचं महत्त्व त्यांनी आम्हाला इतकं समजावून सांगितलं, की शापवाल्या मुलाला झोप लागली.

त्यानंतर आयोजक माइकपाशी आले. "यंदापासून एक नवीन गोष्ट. भाषणं झाली की प्रत्येक शाळेच्या दोन्ही वक्त्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायची."

शिक्षकांच्या रांगांमध्ये चुळबूळ झाली. एक गुरुजी उभे राहिले. "प्रश्न आम्हाला आधी मिळतील ना?"

"नाही हो, ते मुलांनी विचारायचे."

"मुलांनी?" गुरुजींनी असं विचारलं, जसं काही माइकनेच बोलायचं आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलांकडे पाहिलं. आम्ही त्यांना उभं राहायला, वाकायला, हात पसरायला, श्वास घ्यायला शिकवलं होतं. फक्त बोलायला शिकवायचं राहून गेलं होतं.

पण ते सगळ्यांचंच राहिलं होतं. पहिल्या शाळेच्या मुलाने आपल्याच वर्गातल्या मुलीला विचारलं, "तुझं नाव काय?" तिने अध्यक्ष महाशयांपासून सुरुवात करून नाव सांगेपर्यंत घंटा झाली. दिंडोरीकडच्या शाळेची जोडी तर काहीच बोलली नाही. दोघं छाती पुढे काढून, एक हात पसरून, घंटा होईपर्यंत पुतळ्यांसारखी उभी राहिली आणि नमस्कार करून खाली उतरली.

आमची भाषणं बिनचूक झाली. चौकोन सुबक निघाले. अंधाराच्या वेळी पाहुण्यांनी द्राक्ष खायचं थांबवून मान हलवली. सरांनी मागच्या मागे माझ्या खुर्चीवर दोनदा बोटं वाजवली. त्याचा अर्थ मी 'कायम' असा लावला.

मग प्रश्न. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. मुलाने मुलीवर नजर रोखली. काहीतरी त्याच्या मनात कधीपासून साठलेलं असावं.

"तू रविवारी माझ्या घरी टीव्ही बघायला का येते?"

"वरदान आहे म्हणून," मुलगी म्हणाली.

"मग तुझ्या बाबांना सांग ना, वरदान घ्यायला."

सभागृहात पहिल्यांदाच कोणीतरी खरं हसलं. मुलगी लाल झाली. "तू शाप म्हणतोस, मग तू कशाला बघतोस?"

"मी बघतच नाय!" मुलाचा आवाज फुटला. त्याचं घराणं येवल्याकडचं. आम्ही महिनाभर घासून काढलेली सगळी येवल्याकडची बोली एका दमात परत आली. "मला जागाच नाय राहत! तुम्ही लय जण येता. तू, तुझा भाऊ, खालचे, वरचे. पिक्चर लागला की मी मोरीच्या दारात बसतो. तिथून नुसता हिरोचा डावा कान दिसतो. शेंगदाणे पण तुम्हीच खाता. म्हणून शाप हाय!"

"मग आधी येऊन बसायचं ना! मी चार वाजताच येते."

"अगं, माझंच घर हाय ते! मी कुठून येऊ?"

आता सगळं सभागृह हसत होतं. घंटा वाजली, कोणालाच ऐकू आली नाही. दोघांचे हात सुटले होते, पण देशासाठी किंवा समाजासाठी नव्हे, एकमेकांच्या नाकासमोर. आणि मग मुलीने एकदम हात मागे घेतले. तिने खाली पाहिलं. "बरं. मी नाही येणार रविवारी."

मुलगा गडबडला. इतकं त्याला नको होतं. "ये ना. मी कुठं नको म्हणलो? पण मधे नको बसू. खिडकीपाशी बस."

"तिथून दिसतं?"

"दिसतं. मी तुझ्या बाजूला बसतो ना."

"चालेल," मुलगी म्हणाली. दोघं नमस्कार न करताच खाली उतरली. लोक टाळ्या वाजवत राहिले. सरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. हा हावभाव मात्र त्यांनी कोणाला शिकवला नव्हता.

निकाल सांगताना परीक्षक फार सौजन्याने बोलले. नाशिकरोडच्या जोडीचं पाठांतर आणि उच्चार उत्तम, परंतु शेवटी दोन्ही वक्त्यांचं एकमत झालं. वादविवादात एकमत बसत नाही, सबब गुण कापावे लागले. ढाल दिंडोरीकडच्या शाळेला गेली. त्यांनी प्रश्नोत्तरांत एक अक्षरही काढलं नव्हतं, त्यामुळे कापण्यासारखं काही सापडलं नाही.

परतीच्या बसमध्ये सर तोंड फिरवून बसले. माझी जागा गेली हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. पुढच्या बाकावर ती दोघं रविवारी शेंगदाणे कोणी आणायचे यावर बोलत होती, आणि मला वाईट वाटून घ्यायला जमेना. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मी न लिहिलेलं काही ऐकत होते.

शनिवारी मुलाची आई शाळेच्या फाटकापाशी भेटली. "बाई, उद्या तुम्हीपण या. आमचं घर कसं भरतं ते सगळ्या नाशिकला कळलंच आहे, मग तुम्हीच कशाला मागे राहता?"

मी गेले, जरा उशिराच. दारात चपलांचा ढीग होता. आत वसाहत मांडी घालून बसली होती, आणि टीव्हीसमोर, घरातल्या एकुलत्या एक आरामखुर्चीत, आमचे मुख्याध्यापक बसले होते. मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. मला पाहून त्यांनी ती खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण खाली जागा नव्हती.

"पाहणी करायला आलो होतो," ते म्हणाले. "विषयाची."

"हो सर."

त्यांनी पडद्याकडे तोंड वळवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या रजेवरच्या बाईंचं पत्र आलंय. येत नाहीत त्या. संस्थेला मी सांगितलं, प्रश्नोत्तरं शिकवायला माणूस हवं. आमच्याकडे बाकीचे सगळे नुसते हावभावात तयार आहेत." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "जूनपासून या. आता पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं जिंकायचंय. खिळा तसाच ठेवलाय."

मी आभार मानायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात खिडकीपाशी शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

"बाई, पडद्यावर सावली येतेय," मुलगी म्हणाली.

"जागा नाय आता," मुलाने हात लांब करून दाखवलं. "मोरीच्या दारात बसा. तिथून कान दिसतो."

मी जाऊन बसले. दिसत होता. डावाच.