गप्प बसायची परीक्षा

नवऱ्याची दारू सुटली आणि त्यानंतर वर्षभराने मी घाटकोपरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचं काम शिकायला गेले. केंद्र म्हणजे एका धर्मादाय दवाखान्याचा वरचा मजला. आम्ही मुलुंडला राहायचो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. गिरण्या बंद पडलेल्या, घरोघरी पिणारा कुणी ना कुणी असायचाच, त्यात गर्द ओढणाऱ्या पोरांची भर पडत चाललेली. केंद्राला माणसं हवी होती. वर्षभर शिकायचं, शेवटी डॉक्टरांसमोर परीक्षा, पास झालं तर प्रमाणपत्र आणि तिथेच नोकरी.

सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एकाला निस्तरलंस, तेवढ्याने पोट भरलं नाही का गं तुझं?"

मुलाखतीत डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कोण पितं?"

"नवरा प्यायचा. आता नाही पीत."

"मग तुम्हाला हे काम जड जाईल."

मला रागच आला. दारुड्याबरोबर संसार केलेल्या बाईला दारू कळणार नाही, तर कुणाला कळणार? मी हट्टाने नाव घातलं.

काही महिने व्याख्यानं ऐकण्यात गेले. मग मला पहिला पेशंट दिला. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात वॉचमन झालेले, राहायला कांजूरमार्गला. बायको त्यांना घेऊन आली होती. मला शिकवणाऱ्या मॅडम, साठीच्या पुढच्या, कोपऱ्यात खुर्ची टाकून ऐकत बसल्या. आणि मी जी सुरू झाले! बायकोच्या तोंडाकडे बघा, मुलगी वयात येतेय, तिचा विचार करा, शरीराची काय दशा करून घेतलीत बघा. ते मान खाली घालून "होय बाई, होय बाई" म्हणत राहिले. मला वाटलं, काय झकास बोलले मी.

ते वॉर्डात परत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगं, कुणाशी बोलत होतीस तू?"

"त्यांच्याशी."

"छे. नवऱ्याशी बोलत होतीस. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं त्या बिचाऱ्यावर ओतलंस."

खरं होतं. शब्दसुद्धा तेच होते.

आठवडा पुरा व्हायच्या आत ते वॉर्डातून निघून गेले. कळल्याबरोबर मी पर्स उचलली. म्हटलं, कांजूरला जाते, समजावून परत आणते. मॅडमनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"त्यांना तुझ्या पायांनी आणून उपयोग काय? आपलं दार उघडं आहे, हे त्यांना माहीत आहे. बस आता."

घरी आले ती रडकुंडीलाच. नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझी वाट लागली. पहिलाच माणूस पळाला."

तो कांदा चिरत होता. दारू सुटल्यापासून संध्याकाळी हातांना काही काम लागायचं त्याला. सुरी खाली ठेवून म्हणाला, "रागावू नकोस, पण एक सांगू? तू मला शोधत गुत्त्यावर यायचीस ना, तेव्हा मला एक प्रकारे बरं वाटायचं. म्हणजे माझी काळजी करायचं काम तुझ्याकडे होतं. मला करावं लागत नव्हतं."

इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आमची भाजी करपली, तरी आम्ही बोलतच होतो.

पावसाळा संपता संपता ते वॉचमन परत आले. एकटेच. खूप वाळले होते. मॅडमनी त्यांना पुन्हा माझ्याकडेच दिलं, आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी डॉक्टर येऊन बसले ते नेमके त्यांच्याच बैठकीला. डॉक्टर बसले तर चालेल का, असं वॉचमनना विचारलं तर म्हणाले, "बसांदेत. माका काय लपवूचा नाय आता."

मी एवढंच विचारलं, "परत यावंसं का वाटलं?"

ते गप्प. मीही गप्प. पंखा कुरकुरत होता. माझ्या तोंडाशी किती वाक्यं आली आणि मी ती कशी गिळली, ते माझं मला माहीत. डॉक्टरांकडे बघायची हिंमत नव्हती. नापास झाले, असंच धरून चालले होते.

मग ते स्वतःहून बोलायला लागले. दारूची बाटली ते तांदळाच्या डब्यात लपवायचे. ती मुलीला सापडली. "चेडवान कोणाक सांगूक नाय. बाटली परत थयच ठेवल्यान. आणि भात करूच्या आधी रोज माका इचारी, बाबा, डबो उघडू काय?" एवढं सांगून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडले. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ते म्हणाले, "आता तिका इचारूक लागता नये."

"त्यासाठी काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

आणि ते सांगू लागले.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मधली ती शांतता तुम्हाला झेपेल असं मला वाटलं नव्हतं. उद्यापासून कामावर या." मॅडमनी माझ्या पाठीत एक धपाटाच घातला. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले, आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

पुढच्या रविवारी आम्ही नवरा-बायको मार्वेहून होडीने मनोरीला गेलो. एका कोळणीच्या घरी बोंबील-भात जेवलो आणि किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत चादर पसरली. मला झोप लागली. लग्नानंतर बाहेर कुठे अशी झोपले नव्हते मी. तो जवळ असला तरी एक कान कायम जागा असायचा. जाग आली तेव्हा ऊन पार उतरलं होतं आणि तो शेजारी नव्हता. कुठे गेला असेल, हे मनात आलंही, पण उठून बघावंसं वाटलं नाही. कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.