गोजरबाईचे दोन लेक

गोजरबाई माझी थोरली जाऊ. शहागडात हायवेला तिचं चहाचं हॉटेल आहे. ट्रकवाल्यांशी भांडायला तिला कारण लागत नाही, पण धाकट्या लेकाचं, सोमेश्वरचं नाव निघालं की आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी सोमेश्वर गोदावरीत बुडाला तेव्हा थोरला कल्याण त्याच्याबरोबर होता, तोही पोरच. वाळू उपसून नदीत खड्डे केलेले. पाणी दिसतं गुडघाभर, पाऊल टाकलं की माणूस आत. पण जाऊबाईने कुणाला खड्डा म्हणू दिलं नाही. "साती आसरांनी नेलं त्याला. त्यांच्याकडं सुखात हाये," असंच सांगायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. आमच्या नदीकाठी त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. कल्याणला कुणी बोल लावू नये, हाही त्यात तिचा हेतू होता.

गेल्या वर्षी कल्याणला हाका ऐकू यायला लागल्या. झोप उडाली. गिऱ्हाईक कुजबुजलं की आपल्याबद्दलच, असं त्याला वाटायचं. "खरंच कुनी हाका मारून राह्यलं, का मलाच भास होऊन राह्यला, काकू?" मला विचारायचा. गावाने मात्र निकाल लावून टाकला: पोराशी आसरा बोलतात. बाया नारळ घेऊन यायला लागल्या. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची सून नांदत नसलेली. जाऊबाईला त्यात मान वाटायचा. मला त्या सगळ्यांना झाडूने हाकलावंसं वाटायचं.

मग एका सकाळी तो कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उभा सापडला. मी त्याला बसमध्ये घालून जालन्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं, जाऊबाई फणफणत मागे. डॉक्टर म्हणाले, अजून आजार जडलेला नाही, पण पोरगा उंबरठ्यावर आहे. आत्ता सावरला तर परत फिरेल. त्यांनी तिथल्याच समुपदेशक साक्षी मॅडमकडे पाठवलं. दर आठवड्याला ती त्याच्याकडून नदीवरचा तो दिवस थोडा थोडा वदवून घ्यायची. सोसवेना झालं की थांबायची, पाय जमिनीवर टेकवायला लावायची, खोलीत काय काय दिसतं ते सांगायला लावायची. "खपली काढून राह्यली ती बाई," जाऊबाई बाहेर बाकावर पुटपुटायची. मलाही मनातून तसंच वाटायचं, कारण घरी आला की तो रडायचा. पण रडून झाल्यावर झोपायचा.

एकदा कल्याणनेच आम्हा दोघींना आत बोलावलं. खाली बघत म्हणाला, "आई, त्यो 'दादा, हात दे' म्हणला व्हता. मी भ्यालो, मागं सरकलो. आता आसरा मला बोलवून राह्यल्या. मी गेलो तर त्या त्याला सोडतीन."

साक्षी मॅडमने समजावलं असतं तर जाऊबाईने ऐकलंही नसतं. जाऊबाईने पदर तोंडाला लावला.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "आसरांनी न्हाई नेलं. वाळूचा खड्डा व्हता. तू हात दिला असता तर दोघंबी गेले असते. पाण्यात त्यो न्हाई, कुनाला सोडवाया जाशील?"

कल्याणने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके दिले. मग उठून तोंड धुवायला गेला.

आम्ही बाहेर आलो तशी जाऊबाई बाकावर बसली ती उठेना. मी म्हटलं, "चला, बस निघून जाईल."

"जाऊ दे बस," ती म्हणाली. "माझा सोमेश्वर आज गेला."