रोज एक चाक

आमच्या तात्यांइतका, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांइतका सावकाश माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत हुडकून सापडायचा नाही. वास्तविक त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात गेली. मागे ट्रॅक्टरांची रांग आणि भोंग्यांचा ठणाणा चालू असताना हा माणूस म्हणे चहाचा घोट गिळायच्या आत गाडी मोकळी करायचा. मग निवृत्त झाले, वर्षाच्या आत काकू गेल्या, मुलगा पुण्याचाच होऊन बसला, आणि तात्यांच्या अंगातली घाई कुठं गेली कोण जाणे. आता ते कागदाची एक खेळण्यातली ट्रॉली करायला पाच दिवस घेतात.

ट्रॉली करायची ती कालव्याकडेच्या कोप्यांतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतल्या पोरांबरोबर. हंगामात ऊसतोडीला आलेले आईबाप पहाटेच फडात गेले की ही सात-आठ पोरं तात्यांच्या ओट्यावर जमतात. कागद लग्नपत्रिकांचाच लागतो, दुसरा चालत नाही. पत्रिका हातात आली की नवरा कोण, नवरी कोण हे राहिलं बाजूला, तात्या आधी तिचा कोपरा दुमडून बघतात आणि "पोरगी चांगल्या घरी पडली. कागुद जाड हाय," असा निकाल देतात. एकदा निरवांगी गावातल्या भाचीची पत्रिका लग्नाआधीच कात्रीखाली गेली. तारीख ट्रॉलीच्या तळाला चिकटलेली, आणि तात्या छातीठोकपणे सांगत होते, "सोमवारच हाय. मी सोता वाचलंय." सोमवारी आम्ही जरीच्या साड्या नेसून, पुरुषमंडळी फेटे बांधून पोचलो, तर मांडववाले कापडाच्या घड्या घालत होते. लग्न रविवारीच लागलं होतं. नवरीच्या आईनं उरलेली बुंदी वाढली. आम्ही माना खाली घालून बसलो होतो. तात्यांनी मात्र ती मन लावून खाल्ली आणि निघताना वाटून उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मागून घेतला.

त्यांची रीत ठरलेली. पहिल्या दिवशी नुसती घडी. मग रोज एक चाक. काकूंची बांगडी कागदावर ठेवून गोल काढायचे, तीन गोल गव्हाच्या पिठाच्या खळीनं एकमेकांवर चिकटवायचे आणि पाट्याखाली दाबून ठेवायचे. "उद्यापातूर हात लावायचा न्हाय." चाकाला आस म्हणून माझ्या खराट्याची काडी, त्यामुळे दिवाळीत घेतलेल्या खराट्याला संक्रांतीपर्यंत टक्कल पडतं. एकदा जेवणाचा डबा ठेवता ठेवता मी म्हटलं, "तात्या, खळ उन्हात तासाभरात वाळते. एका दिवसात होईल की गाडी."

"सूनबाई, चाक म्हंजी काय भाकरी हाय व्हय, थापली की झाली?" तात्या माझ्यावरच उखडले. पोरं पांगल्यावर मात्र हळूच म्हणाले, "गाडी झाली, तर उद्या कशाला येतील ती?"

मी हसले. घरी आल्यावर रडू आलं, कारण मीही रोज डबा ठेवून उभ्या उभ्याच परत फिरत होते.

यंदा ऊस लवकर संपला. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम बंद झाला, आणि कोप्या मोडून माणसं आपापल्या गावाकडे निघाली. सोनी नावाची नऊ-दहा वर्षांची पोर निरोप घ्यायला पळत आली, तेव्हा तिच्या ट्रॉलीला तीनच चाकं होती. रस्त्यावर ट्रक उभा, तिचा बाप हाका मारतोय, आणि तात्यांना बांगडी सापडेना. त्यांनी अंदाजानंच गोल कापले, खळ लावली. चाक वाकडं झालं, बोटं बरबटली. जन्मभर रांगा मोकळ्या करणारा माणूस एका चाकापाशी अडला होता आणि "थांब गं, येकच मिनिट," एवढंच म्हणत होता.

"राहू द्या की तात्या," सोनी म्हणाली. "तुमी मुद्दाम उशीर लावता, ते समद्या पोरांना म्हाईत हाय."

तात्यांचा हात थांबला. "मंग येत का हुता गं?"

"गाडी झाली असती तरी आलो असतो. कोपीवर आमाला तरी कुठं करमतं?"

एवढं बोलून तिनं तीन चाकांची ट्रॉली काखेत मारली आणि ती ट्रककडे पळाली. तात्या ओले हात तसेच धरून उभे होते. ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर ओट्यावर कुणी फिरकलं नाही. काल मी डबा नेला आणि घरची कामं टाकून मुद्दाम तिथंच बसले. तात्यांनी एक पत्रिका घेतली, घडी घातली, चारही चाकांचे गोल एका दमात कापले आणि खळ लावून उन्हात ठेवले. दुपारच्या चहापर्यंत ट्रॉली तयार झाली, अगदी सरळ आणि देखणी. सुतळी बांधून त्यांनी ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा ओढून बघितली.

"झाली," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आता काय करायचं, सूनबाई?"

मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.