मोहाखालचा फोटो
मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की अजून माझी मान खाली जाते. त्या उन्हाळ्यात फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी मोहाखालचा पाला जाळला आणि आग पार जंगलात शिरली. त्या मोहाजवळ वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात दर थोड्या वेळाने आपोआप निघालेले ढीगभर फोटो होते. आग कुणी लावली ते शोधायला वनरक्षक माझ्या मावशीच्या पडवीत बसून ते पहिल्यापासून एकेक बघत होता. मला त्याच्याच गाडीवर अहेरीला जायचं होतं, आणि मावशी त्याला चहावर चहा देत बोलण्यात गुंतवत होती. "भाऊ, अगदी मधला फोटो काढा ना," मी वैतागून म्हणालो. "जमीन जळालेली नाई ना? मग आधीचे सारे सोडा. आता उरलेल्यातला मधला पाहा." जमीन काळी दिसली की आधीचा अर्धा भाग घ्यायचा, नाही तर नंतरचा. त्याचा कप निवायच्या आत आगीच्या क्षणाचा फोटो सापडला. त्यात काडी ओढत वाकलेली मावशी होती. "युक्ती कामाची आहे तुमची," वनरक्षक म्हणाला आणि केस लिहायला बसला. मावशीने किटली खाली ठेवली. "त्याले चहा काऊन पाजून राह्यली होती मी, एवढं समजलं नाई तुले?" आज कबूल करतो, तेव्हाही माझं लक्ष त्याच्या गाडीच्या किल्लीकडेच होतं.