येसकरांची सून

कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं आणि तिथंच थांबलं. काकूंनी ते मागं घेतलं, पदराला पुसलं. करंडा माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या, "लावून घ्या तुमच्या हातानं."

खोलीभर बायका होत्या. शेजारी बसलेलीनं आपल्या साडीचा काठ ओढून घेतला, माझ्या गुडघ्याला लागत होता म्हणून. मला रडू आलं नाही. रागही आला नाही. सतरंजीवर थोडी हळद सांडली होती. ती गोळा करावी की राहू द्यावी, एवढंच डोक्यात होतं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या नवऱ्याची भोकरदनहून जालन्याला बदली झाली. खोली शोधत फिरलो. प्रत्येक दारात पहिला सवाल एकच. भाडं नंतर, माणसं किती ते नंतर. "आडनाव काय?"

आमचं आडनाव येसकर. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा. रात्री वेस लावायची, उजाडलं की उघडायची, आणि त्या बदल्यात दारोदार फिरून भाकर मागायची. पिढ्यानपिढ्या महारांच्या गळ्यात बांधलेलं काम. काम गेलं, आडनाव राहिलं. ते सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची.

मग एका दारात नवऱ्यानं गावाचं नाव लावून टाकलं. "पिंपळगावकर."

घरमालक खूश झाले. शाळेतून रिटायर झालेले मास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांना आडनावांचा नाद होता. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या आडनावाचा अर्थ सांगायचे. फडणीस, पोतदार, मुजुमदार ही मुळातली फारसी. इंग्रजांचा स्मिथ म्हणजे आपला लोहार, टेलर म्हणजे शिंपी. तेलुगू लोक घराण्याचं नाव आधी लावतात. तमिळ मुलखात तर बापाच्या नावाचं एक अक्षर पुरतं. ते ऐकून मला वाटायचं, खोली शोधायला तो मुलूख बरा. पण तिथंही लोक काहीतरी विचारतच असतील.

आमच्याकडं गावाच्या नावाला 'कर' लावणारे बहुतेक दोनच. एक तर ब्राह्मण, नाहीतर आम्ही. मास्तरांनी नवऱ्याची सरकारी नोकरी पाहिली, इस्त्रीचा सदरा पाहिला आणि आम्हाला आपल्यातलं धरलं. आम्ही हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, लोणचं घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. नवरात्रात त्यांनी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. पाटाभोवती रांगोळी काढली. माझे पाय धुतले, ओटी भरली. माझ्या पायांना तोवर कुणी असा हात लावला नव्हता. मी पानातली पोळी नुसती मोडत बसले.

"लाजू नका हो," काकू म्हणाल्या. "आपलंच घर आहे."

दिवाळीनंतर मामा आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. डोक्याला पटका, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मास्तर ओट्यावर बसलेले.

"कोण पाहुणे?" त्यांनी विचारलं.

नवरा दारातच उभा होता. म्हणाला, "गावाकडचा माणूस आहे. शेंगा घेऊन आलाय."

मामांनी ऐकलं. मी आतून ऐकलं. मी पाणी घेऊन बाहेर गेले. मामांनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली होती. तांब्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"न्हाई बाईसाहेब," मामा म्हणाले. "यष्टी हाय मला. जल्दी निघतो."

मला बाईसाहेब म्हणाले. स्वतःच्या सुनेला. पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आणि रस्त्याला लागले. मला लाज वाटली. जातीची कधी वाटली नव्हती इतकी स्वतःची वाटली.

"काय करू मंग?" नवरा नंतर म्हणाला. "हातची खोली घालवू?"

मी शेंगा भाजायला ठेवल्या.

संक्रांतीला काकूंकडं हळदीकुंकू होतं. मी काही ठरवून गेले नव्हते. माझी पाळी आली. बायकांनी गलका केला, आधी नाव घ्या, मग कुंकू. काकू करंडा घेऊन समोर बसल्या होत्या, बोट कुंकवात बुडवलेलं. मी म्हटलं,

"संक्रांतीच्या सणाला कोवळं कोवळं ऊन,
किसनरावांचं नाव घेते येसकरांची सून."

काकू हसल्या. त्यांचं बोट पुढं येतच होतं. "चुकलात की. पिंपळगावकरांची ना?"

"न्हाई. येसकरांची."

मग ते बोट थांबलं. करंडा खाली ठेवून झाल्यावर काकू शेजारणीला म्हणाल्या, "अगं बाई, नवरात्रात सवाष्ण म्हणून जेवून गेली की ही!" माझ्यासमोर. मी तिथं नसल्यासारखं. मी कुंकू लावून घेतलं नाही. उठले आणि घरी आले.

सकाळी मास्तर दारात आले. आत आले नाहीत. नवऱ्याला म्हणाले, "खोली रिकामी करा. तुम्ही आम्हाला फसवलंत."

नवऱ्यानं मान खाली घातली. मी विचारलं, "येसकर सांगितलं असतं तर दिली असती का खोली?"

"विषय तो नाही."

"मंग येसकरचा अर्थ सांगा. सगळ्यांच्या आडनावाचा सांगता."

मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यात काय सांगायचं?" आणि निघून गेले. मुलूखभरच्या आडनावांचा अर्थ ठाऊक असलेला माणूस. माझ्या आडनावापाशी त्याची विद्या संपली.

आम्ही पुन्हा खोली शोधायला निघालो. वाटेत नवरा म्हणाला, "ह्या बारीला पाटील सांगू. पाटील सगळ्या जातींत असतात."

"तुम्हाला काय सांगायचं ते सांगा," मी म्हटलं. "मी येसकर सांगन."

पहिल्या दारात मीच पुढं झाले. बाईनं दार उघडलं. तिनं काही विचारायच्या आतच मी म्हटलं, "आम्ही येसकर. खोली हाय का?"

तिनं दार लावलं. आतून कडी घातली. मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. नवरा माझ्या मागं उभा होता. परत जाऊ म्हणाला नाही.

मी पुढच्या दाराकडं गेले. तिथंही हेच सांगितलं. आजही सांगते, कुणी विचारायच्या आधी. माझ्या सासऱ्याला आता कुठल्याही ओट्यावर गावाकडचा माणूस व्हावं लागणार नाही. त्यापायी जन्मभर दारं लागली तर लागू देत.